जनरेटर कितीचा घेऊ? आधी मोटर कितीची ते सांग

गेल्या पंधरा दिवसांत तीन फोन आले, तिन्हीत प्रश्न एकच, अरे जनरेटर घ्यायचाय, कितीचा घेऊ? पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे हे दरवर्षी सुरू होतं. मी उलट विचारतो, बोअरवरची मोटर कितीची आहे? की समोरचा गप्प. टीव्ही किती इंची, फ्रीज किती लिटरचा सगळं तोंडपाठ, मोटरचं मात्र "असेल रे एक-दीड एचपीची". म्हटलं एकदाचं इथे लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

आमचं घर दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि दुपारच्या तीन-चार तासांत आमची अर्धी पोफळीची बाग आडवी करून गेलं. पडलेले खांब मोजायची सोयच नव्हती, उभा असलेला खांब कुठे दिसतोय ते एकमेकांना दाखवत होतो. आमच्या वाडीत लाईट आली तेविसाव्या दिवशी. आता लोकांना वाटतं अंधाराचा त्रास झाला असेल, तर तसं काही नाही, कंदील होता, जेवून साडेसातला आडवं व्हायचं, चार दिवसांत अंगवळणी पडलं. हाल झाले ते पाण्याचे. बोअर १८० फूट, त्यात मोटर, वर टाकी रिकामी, आणि जुन्या विहिरीवरचा रहाट आम्हीच हौसेने काढून टाकून वर जाळी ठोकलेली. पाचव्या दिवशी एकजण टेम्पोत जनरेटर घालून वाडीवाडीत फिरायला लागला, टाकी भरून द्यायचे पैसे वेगळे, मोबाईल चार्जिंगचे वेगळे. शिव्या त्यालाच घालायचो आणि वाटही त्याचीच बघायचो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की घर चालवायला जनरेटर घेऊ नका, पाणी चढवायला घ्या. पंखे, दिवे, वायफाय, टीव्ही यासाठी इनव्हर्टर आणि एक १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पुरते, त्यात पंखे बीएलडीसी बसवले तर साधा पंखा ७०-७५ वॉट खातो तिथे हा तिसात भागवतो, रात्र निघून जाते. इनव्हर्टरला मोटर झेपत नाही, तिथे जनरेटरच पाहिजे, आणि मोटरच्या हिशोबानेच तो घ्यायला पाहिजे.

हे शहाणपण मला आधी नव्हतं बरं का. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येणार येणार म्हणून बातम्या सुरू झाल्या आणि मी घाबरून दुकानात जाऊन दोन केव्हीएचा (जनरेटरची ताकद केव्हीएत मोजतात) पेट्रोल जनरेटर उचलून आणला. दुकानदाराला विचारलं, एक एचपीची मोटर चालेल ना? "आरामात साहेब." हिशोब बरोबर वाटतो पण, एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, मोटर प्रत्यक्षात खेचते हजार-अकराशे, दोन केव्हीएत बसायला काय हरकत आहे? हरकत अशी की मोटर सुरू होताना पहिला सेकंदभर चालू करंटच्या चार-पाच पट करंट मागते. मी बटण दाबलं, जनरेटरचा आवाज एकदम खाली बसला, मीटरवर व्होल्टेज १४० ला आलं, मोटर खाली बोअरमध्ये नुसती हूं हूं करत राहिली आणि मी येडा तसंच बटण धरून उभा, आत्ता उचलेल मग उचलेल म्हणून. पॅनलमधला कपॅसिटर फुगून फुटला, सगळ्या पडवीत जळका वास. नशीब वाइंडिंग वाचलं, नाहीतर १८० फुटांवरून मोटर वर काढायची मजुरी वेगळी. तो जनरेटर शेवटी मंडपवाल्याला विकला, घाट्यात, आणि पाच केव्हीएचा घेतला. एक एचपीची सबमर्सिबल, म्हणजे बोअरमध्ये पाण्यात बुडून चालणारी मोटर असेल तर चार-पाच केव्हीएच्या खाली बघूच नका, आणि मोटर चालू करताना फ्रीज, गीझर सगळं बंद. मोटर एकदा पळाली की मग फ्रीज लावा.

केव्हीए आणि किलोवॉट यातही लोक फसतात. डिझेलच्या मशीनवर पाच केव्हीए लिहिलेलं असेल तर खरी ताकद धरायची चार किलोवॉट, केव्हीएला ०.८ ने गुणायचं, त्यालाच पॉवर फॅक्टर म्हणतात. पेट्रोलवाल्यांच्या पाटीवर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बरेचदा मॅक्झिमम, रेटेड आकडा, म्हणजे मशीन सतत देऊ शकतं तो, खाली बारीक अक्षरात, तो वाचा.

डिझेल घेऊ की पेट्रोल? रोज दोन-तीन तास लागणार असेल, होमस्टे वगैरे असेल तर डिझेल. वर्षातनं पंधरा दिवस लागणार असेल तर पेट्रोल. डिझेल मशीन कमी लोडवर तासन्‌तास चालवलं की आत काजळी धरतं, एक बल्ब आणि दोन पंख्यांसाठी फडफडत ठेवायची ती वस्तू नाही. पेट्रोलचं मशीन तासाला दीड लिटरच्या आसपास पितं, म्हणजे लिटरला जेमतेम दीड-दोन युनिट, म्हणजे एक युनिट पन्नास-साठ रुपयांच्या खाली पडतच नाही. त्यावर टीव्ही बघत बसणाऱ्याला माझा दंडवत. आम्ही दिवसातून एकदाच चालवतो, अर्ध्या तासात टाकी भरते, तेवढ्यात फ्रीज गार होतो, इनव्हर्टर थोडा चार्ज होतो. हां, इनव्हर्टरचा मोड यूपीएसवर असेल तर तो जनरेटरची लाईट घेतच नाही, मागचं बटण नॉर्मलवर टाका. मी दोन दिवस बॅटरी खराब समजून डोकं खाजवत होतो.

सोलर लाव ना, हे सांगणारे पण भेटतात. लावलंय की, सूर्यघर योजनेतून, तीन किलोवॉटला ७८ हजार सबसिडी मिळते, बिल खरंच कमी होतं. पण ते ऑनग्रीड आहे, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं, लाईट गेली की सोलर पण बंद. भर उन्हात, छपरावर पॅनल चकाकतायत आणि घरात पंखा फिरत नाही. बॅटरीवाला हायब्रीड घेतला तर गोष्ट वेगळी, त्याचे पैसेही वेगळे.

आता जागा. पहिल्या दिवशी मी शहाण्याने जनरेटर ठेवला पडवीत, पावसात भिजायला नको म्हणून. वीस मिनिटांत आई माजघरातून बाहेर आली, "अरे माझं डोकं का भणभणतंय?" धुराचा वास तसा येत नव्हता, आणि तीच तर भीती आहे, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. झोपेत असतो तर? त्या दिवसापासून मशीन गोठ्याच्या पलीकडे, घरापासून वीस-पंचवीस फूट, सिमेंटच्या ओट्यावर, वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या. पावसाळ्यात आमच्याकडे वारा नैऋत्येचा, म्हणून सायलेन्सरचं तोंड पूर्वेला.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर एवढं लिहायला बसलो ते. आमच्या गावात किमान चार घरं मला माहीत आहेत जिथे जनरेटर घराला जोडतात तो दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरने. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी घरातल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटमध्ये, झालं, सगळं घर चालू. मेन स्विच पाडायला विसरला की तो करंट मीटरमधून उलटा पोलवर जातो, तिथून डीपीत, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि डीपी उलटा चालतो, घरातले २३० पलीकडे हजारो व्होल्ट होऊन तारेवर. त्या तारेवर कोण असतो? लाईट बंद आहे समजून चढलेला वायरमन. शिवाय तेवढ्यात मेन लाईट आली तर तुमचा जनरेटर जळतो ते वेगळंच. यावर इलाज हजार-दोन हजारांचा टू पोल चेंजओव्हर स्विच, मेन, मधे ऑफ, जनरेटर, दोन्ही एकत्र लागूच शकत नाहीत. साठ-सत्तर हजाराचं मशीन घेणारा माणूस इथे दोन हजार वाचवतो, मला हे गणित कळलेलं नाही. अर्थिंगही करून घ्या, आमच्याकडे खाली जांभा, नुसती सळी ठोकून भागत नाही, खड्डा काढून कोळसा-मीठ घालावं लागतं आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं.

देखभाल फार नाही. ऑइल बघायचं, महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं मोटर लावून चालवायचं, आणि सीझन संपला की पेट्रोल काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओल धरते, आणि आमच्या हवेत ओल काय कमी आहे.

वादळात आमची लाईन ओढायला आलेला वायरमन शेजारच्याच वाडीतला. चेंजओव्हर बसवला तेव्हा त्याला मुद्दाम बोलावून दाखवला, म्हटलं दादा, बघून घे. त्याने दोनदा वरखाली करून बघितला. तेव्हापासून आमच्या डीपीवर काम निघालं की खांबाला शिडी लावायच्या आधी अंगणातून हाक येते, "काकू, जनरेटर चालू आहे काय?" आई ओट्यावरूनच ओरडते, "नाही रे बाबा, चढ तू!"