सांत आंतोन गेला कुठे?

धर्मांतराविरुद्धच्या कायद्याची ती बातमी सगळ्यांनी वाचलेली होती. तरी दाजी मास्तरांनी पेपर उघडून मोठ्यानं वाचायला घेतला, तेव्हा बाबल्यानं तो त्यांच्या हातातून काढला आणि भजी ठेवायला अंथरला. वेंगुर्ल्याच्या बंदराकडचा आमचा कट्टा म्हणजे उपडी घातलेली एक जुनी होडी आणि शेजारची चहाची टपरी. पाच दिवसांचे गणपती आदल्या संध्याकाळीच गेले होते. भजनं गाऊन सगळ्यांचे घसे बसलेले, पण गप्प बसतो कोण!

विषय होता सायमनचा मोदक. म्हणजे सायमननं न खाल्लेला मोदक. घडलं माझ्याच घरी. बायकोनं केळीच्या पानाच्या तुकड्यावर मोदक ठेवला, वर तूप सोडलं आणि "प्रसाद घे रे सायमन" म्हणत पुढे केला. हा चाळीस वर्षांचा घोडा. लहानपणी आमच्या चुलीपाशी बसून एकवीसातले सात उचलायचा. तो दोन्ही हात मागे घेऊन म्हणाला, "वहिनी, मूर्तीला अर्पिलेलं मला चालत नाही." बायको काहीच बोलली नाही. मोदकाला मुंग्या लागल्या तेव्हा तिनं पान उचललं.

सायमन मुंबईहून परतला तो 'विश्वासी' होऊन, म्हणजे कॅथलिकांचे संत आणि तसबिरी न मानणारा, फक्त बायबलचं वचन मानणारा ख्रिस्ती. तेव्हापासून चहात साखर कमी आहे म्हटलं तरी मोबाइल काढून अध्याय आणि वचन पुकारतो, स्टँडवर कंट्रोलर गाड्या पुकारतो तसा.

"हा सरळ सरळ अपमान आहे," दाजी म्हणाले. "गावात राहायचं तर गावाचा मान ठेवायला नको? म्हणूनच कायदा हवा!"

इनास इतका वेळ बशीतला चहा फुंकत होता. तीस वर्षं एस्टी हाकलेला माणूस, घाटात आणि वादात हॉर्न न वाजवता वळतो.

"दाजीनू, माझ्या नाताळच्या केकात अंडा असता म्हणान तुमी पंचवीस वर्षां तेका हात लावूक नाय. माझो येशू अपमानान घर सोडून गेलो काय?"

दाजी भज्यातली मिरची शोधू लागले.

मी म्हटलं, केरळात तीन भावंडं राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून १९८५ साली शाळेतून काढली होती. यहोवाचे साक्षीदार नावाच्या ख्रिस्ती पंथाची. उभी राहायची, मान ठेवायची, फक्त तोंडानं म्हणायची नाहीत. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या वेळी गप्प राहिलेलं चालतं, तर मोदकाचं काय घेऊन बसलात?

सायमन खूश. "प्रेषितांची कृत्ये, पाच एकोणतीस! माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. थँक्यू इनास अंकल!"

"थांब. खाऊचो नसलो तर खाव नको, तोंड तुझा. पण आवशीच्या भिंतीवरची सांत आंतोनाची तसबीर कोणी काढल्यान?"

सायमनचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "निर्गम वीस, चार. कोरीव मूर्ती करू नको."

"तसोच आठ वचनां खाली उतर. बारावा वाच."

सायमननं अंगठा सरकवला आणि स्क्रीनकडे बघत राहिला. बाबल्यानं मान घालून अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं, "आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख." मग म्हणाला, "मेल्या, ह्याच पानार आसा मां!"

"मान राखायचा म्हणून सत्य लपवायचं?" सायमन तापला. "घरात असत्य दिसत असताना मी गप्प बसू?"

"सत्य!" बाबल्या तर याचीच वाट बघत होता. "अंडरआर्मच्या फायनलाक माका रनआउट दिलंस तेव्हा खंय होता तुझा सत्य? बॅट रेषेच्या हातभर आत होती!"

इथून पंधरा मिनिटं त्या रनआउटवर गेली. भज्यांच्या कागदावर खेळपट्टी आखून झाली. बॅट बाहेर होती असं माझं मत आहे, पण बाबल्याकडून मासळी घ्यावी लागते.

फिरून गाडी सांत आंतोनवर आली. मास्तर सावरले होते. "पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या," त्यांनी फळ्यासमोरचा आवाज लावला. "तिथल्या सिस्टरांना वाटलं, आता ही बाई आमच्या मुठीत आली. तर बाई मांसाला शिवेना. सिस्टरांना वाटे, हा जातीचा ताठा. शेवटी रमाबाईंनी लिहून कळवलं, भटांचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही."

"पण त्यांनी वचन सोडलं नाही!" सायमन.

"नाय सोडल्यानी," इनास म्हणाला. "सगळा बायबल स्वतः मराठीत उतरवल्यानी. तुका मोबाइलात आयता गावता, म्हणान दुसऱ्याच्या डोक्यार मारुक सोपा."

मग तो आपल्याच कॅथलिक लोकांवर घसरला. सत्य दांडक्यानं शिकवण्याचा प्रयोग गोव्यात होऊन गेलाय, म्हणाला, इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षं सुट्टी. धर्म ज्याच्या त्याच्या मनाचा, जबरदस्ती नको, हे रोममधल्या परिषदेत ठरायला १९६५चा डिसेंबर उजाडला. बाजूनं २३०८ मतं, विरोधात ७०.

"ते सत्तर आमच्या भजनी मंडळातले आसतले," बाबल्या म्हणाला.

"बघा! तुमचं चर्च मतदानानं बदलतं. वचन बदलत नाही."

"वचन नाय बदलना. पण चुकला म्हणान कबूल करुक हयसर चारशे वर्षां गेली. तू एका म्हातारीक चार महिने तरी दी."

सायमन काही बोलला नाही. मी इनासच्या बाजूचा आहे, हे एव्हाना कळलंच असेल, पण त्या क्षणी मला सायमनची दयाही आली. पोर खरंच घाबरलेलं होतं, आईच्या आत्म्यासाठी.

"बरं, तसबीर खंय ठेवलंस?" इनासनं हळूच विचारलं.

"पोटमाळ्यावर ठेवली होती. आता तिथेही नाही. प्रभूनंच नेली असेल."

इनासनं माझ्याकडे बघितलं, मी समुद्राकडे. गौरीच्या दिवशी मी करंज्या घेऊन सायमनच्या आईकडे, कार्मेलीनबायकडे गेलो होतो. तिनं आधी दाराबाहेर डोकावून बघितलं, मग तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला सांत आंतोन वर काढला. काचेवरची पिठी पदरानं पुसली, पटकन मुका घेतला आणि परत खाली खुपसला. हरवलेलं शोधून देणारा संत, आणि ही गत!

विषय बदलायला मी म्हटलं, सायमन, तुझ्या त्या मोदकाचं वचन तरी कुठलं?

"पहिलं करिंथ, दहा, अठ्ठावीस. हे अर्पिलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर खाऊ नका."

"आणि पंचवीस?" इनास. "बाजारात विकतत ता खावा, चौकशी करू नकात."

बाबल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हंजे वयनीन 'प्रसाद' म्हटल्यान, थंयच सगळो घोळ! नुसता 'गोड घे' म्हटल्यान असता तर..." त्यानं पिशवीतून खाजाचा पुडा काढला आणि सायमनपुढे धरला. "बाजारातसून हाडलंय. चौकशी करू नको."

सायमननं पुड्यात बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि एक कांडी तोंडात टाकली. कडकन आवाज आला.

"पण बाबल्या, हा पुडा काल आरतीच्या ताटात..." दाजी सुरू झाले, आणि इनासनं उरलेलं अख्खं भजं त्यांच्या तोंडात कोंबलं.

गुळाची बोटं चाटत सायमन उठला. "निघतो. पाच किलो तांदूळ न्यायचेत. आईचं अलीकडे काय चाललंय कळत नाही, डब्याला मला हातच लावू देत नाही. म्हणते, मीच भरीन."

इनासच्या नाकातून चहा आला. मी होडीवरून घसरलो. बाबल्या, ज्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आम्हाला बघून आमच्याहून मोठ्यानं हसायला लागला.

"हसताय काय?" सायमन विचारत राहिला. "अहो, हसताय काय?"