रॅपरचं कूळ मात्र विचारावं

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपली वाडवडील मंडळी सांगून गेली. त्यांच्या वेळी रॅप नव्हतं, त्यामुळे म्हण अर्धीच राहिली. रॅपरचं कूळ शोधावं. कसून शोधावं. आईकडचं, बापाकडचं, जमल्यास पणजीचंही. आणि ते दोन रंगांचं निघालं तर देव पावला म्हणावं, कारण मग पुढची दहा वर्षं आपल्याला उद्योग मिळाला.

तुम्ही म्हणाल, आम्ही चिंचवडात बसलेलो, कॅनडातल्या टोरांटोच्या ड्रेक नावाच्या रॅपरच्या रक्ताची चौकशी आम्ही कशाला करू? अहो, तुमच्याइतका लायक माणूस शोधून सापडायचा नाही. जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हुडकत ज्याने तालुक्याला चार खेपा घातल्या, किंवा स्वतः एकही न घालता घालणाऱ्यांबद्दल टपरीवर मत दिलं, त्याला या कामाचं निराळं शिक्षण लागत नाही. मोबाइल हवा, दोन अंगठे हवेत आणि संबंधित माणसाशी आपला काडीचा संबंध नसावा. संबंध असला की माणूस मऊ होतो.

आता कामाची पद्धत. निकाल आधी लावायचा नाही. गाणी चालतायत, पैसा येतोय, तोवर तो आपला. दुभत्या गाईच्या लाथा गोड, मग तिच्या आईचं गोत्र कोण विचारतंय? कूळ काढायचं ते भांडण लागल्यावर. बांधावरून वाद झाला की जसा सातबारा बाहेर येतो तसं. त्यांच्याकडे या भांडणाला 'बीफ' म्हणतात. आपल्याकडे 2015 पासून हा शब्द जरा जपूनच उच्चारावा, पण सोय म्हणून लक्षात ठेवा.

ड्रेकचंच बघा. जन्म 1986 चा, टोरांटोचा. बाप अमेरिकेतल्या मेम्फिसचा कृष्णवर्णीय ड्रमवादक, आई कॅनडातली गोरी ज्यू शिक्षिका. पोरगा पाच वर्षांचा असताना दोघं वेगळे झाले आणि तो आईजवळ वाढला. त्याची बार मित्स्वा झाली (आपली मुंज समजा, फक्त बटू तेरा वर्षांचा). मग कॅनडातल्या एका शाळकरी मालिकेत त्याने व्हीलचेअरवरच्या मुलाचं काम केलं, 2009 मध्ये त्याची मिक्सटेप (कंपनीविना काढलेला गाण्यांचा संच) गाजली आणि पुढची दीडेक दशकं जिममध्ये, टॅक्सीत, लग्नाच्या संगीतात हाच वाजत राहिला. 2012 साली एका गाण्याच्या व्हिडिओत त्याने सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, आपली बार मित्स्वा पुन्हा एकदा लावून घेतली. लोकांनी कौतुकाने पाहिलं. टोमणे असायचे, नाही असं नाही. मऊ आहे, रडका आहे, मालिकेतला आहे. पण टोमणे म्हणजे काही पडताळणी नव्हे.

पहिली नोटीस निघाली 2018 मध्ये. पुशा टी नावाच्या रॅपरशी वाजलं आणि त्याने थेट एक जुना फोटो गाण्याच्या मुखपृष्ठावर छापला: ड्रेकने तोंडाला काळं फासलेलं, हसणारं. एकेकाळी गोरे नट काळ्यांची टिंगल करायला फासायचे, तसं. ड्रेकने खुलासा केला, की तो 2007 चा प्रकल्प होता आणि काळ्या नटांना ठरावीक साच्यातलीच कामं मिळतात हे त्यातून दाखवायचं होतं. खुलासा खरा असेलही. तुम्ही मात्र खुलासे वाचत बसू नका. समितीचा वेळ जातो.

खरी सुनावणी 2024 च्या उन्हाळ्यात. केंड्रिक लामार या रॅपरशी बिनसलं आणि एकेक जण साक्षीला उभा राहू लागला. रिक रॉस हा त्याच्याबरोबर कित्येक गाणी केलेला माणूस. त्याने एका गाण्यात त्याला सरळ 'गोरं पोरगं' म्हणून टाकलं. बरोबर गात होते तेव्हा हा रंग त्याच्या नजरेतून निसटला असावा; स्टुडिओत प्रकाश कमी असतो. केंड्रिकने विचारलं, पुरेसं काळं वाटायला तुला अजून किती काळे पाहुणे कलाकार लागतील? चारच दिवसांत त्याचं 'नॉट लाइक अस' हे गाणं आलं. त्यात तो म्हणाला, तू आमचा सहकारी नव्हेस, वसाहतवादी आहेस. त्या गाण्याला 2025 मध्ये पाच ग्रॅमी नामांकनं होती, पाचही जिंकली, आणि आठवड्याभरात सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मैदानात प्रेक्षक ते एका सुरात म्हणत होते. एवढी मोठी जात पंचायत आपल्याकडेही बसलेली ऐकिवात नाही.

या सगळ्यात एक मुद्दा खरा होता, आणि म्हणूनच तो तुम्ही टाळायचा. केंड्रिकचं म्हणणं असं, की अटलांटा हे गुलामगिरीतून आणि रेल्वेतून उभं राहिलेलं शहर; तिथल्या एकेका रॅपरकडे ड्रेक गरज पडली की जातो, त्यांचा बाज, त्यांचा वट अंगावर घेतो आणि निघतो. हे कूळ नव्हे, हे वागणं झालं. वागण्याची चर्चा करायची तर गाणी ऐकावी लागतात, कुणी कुणाला काय दिलं याचा हिशेब मांडावा लागतो. त्यापेक्षा आई गोरी होती म्हणणं सोपं. शिवाय वागण्याच्या वाटेने गेलं की गुंता वाढतो. अटलांटाच्या ज्या रॅपरांची नावं केंड्रिकने घेतली, त्यांत 21 सॅव्हेज नावाचा एक आहे. हा अटलांटाचा म्हणजे इतका अटलांटाचा, की 2019 मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने पकडल्यावर जगाला कळलं: गडी लंडनचा. त्याच्या जन्मगावावर चार दिवस विनोद झाले आणि मंडळींनी त्याला पुन्हा घरात घेतलं. तेव्हा कूळ शोधायला बसलात तर जन्मगावाच्या रकान्याकडे बघू नका, फार हाल होतात. तसं तर रॅप ज्यातून आलं त्या हिपहॉपचा पहिला पाळणा जिथे हलला म्हणतात, त्या न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या 1520 सेजविक अॅव्हेन्यूवर 11 ऑगस्ट 1973 ला तबकड्या फिरवणारा कूल हर्क जमैकाचा होता, आणि त्या गल्ल्यांत पोर्तोरिकोची पोरं सुरुवातीपासून नाचत-वाजवत होती. बारशाला जेवलेल्यांची यादी काढली तर यजमान कोण आणि पाहुणा कोण हेच कळेनासं होतं.

(जाता जाता: ड्रेक आणि केंड्रिक यांच्यात सामना झाला तर कोण जिंकेल, हे 2016 मध्येच एकाने सांगितलं होतं. केंड्रिक. सांगणाऱ्याचं नाव बराक ओबामा. आई कॅन्सासची गोरी, बाप केनियाचा. अर्ध्याने अर्ध्याला मत द्यावं हा नियम तेव्हाही लागू नव्हता.)

आता तुम्ही शंका काढाल, की मग रॅपर जे. कोल? त्याचा जन्म जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या अमेरिकी लष्करी तळावरचा, आई गोरी, बाप कृष्णवर्णीय, बालपण नॉर्थ कॅरोलिनात. ड्रेकइतकाच अर्धा-अर्धा. त्याची फाइल का उघडली नाही? कारण सोपं आहे. त्यानेही 2024 च्या एप्रिलमध्ये केंड्रिकविरुद्ध गाणं काढलं होतं, पण दोन दिवसांत स्वतःच्याच महोत्सवाच्या मंचावर उभा राहून माफी मागितली आणि पुढे गाणंही मागे घेतलं. बांधाचा वाद मिटला, सातबारा कपाटात. नाहीतर त्याची आईही गोरी होतीच की.

लॉजिक नावाच्या रॅपरचं प्रकरण याच्या उलट, आणि मला विचाराल तर सगळ्यात मजेचं. मेरीलँडचा हा मुलगा. बाप काळा आणि व्यसनी. आई गोरी, आणि पोटच्या पोराला वंशावरून शिव्या घालणारी. हे त्याने स्वतःच सांगितलंय. दिसायला इतका गोरा, की रस्त्यात बघितलं तर पडताळणी करायचं कुणाच्या मनातही येऊ नये. त्याने केलं काय, तर स्वतःहून सगळी कागदपत्रं समितीपुढे ठेवली. पुन्हा ठेवली. प्रत्येक अल्बममध्ये ठेवली. 2017 चा तर जवळजवळ अख्खा अल्बम याच विषयाभोवती फिरतो. लोकांना हसू आवरेना. "अरे हो, तुझा बाप काळा आहे ना? सांगितलंस वाटतं मघाशी" या चालीवर वर्षानुवर्षं विनोद चालले. त्याच अल्बममधल्या एका गाण्याचं नाव म्हणजे आत्महत्या रोखणाऱ्या अमेरिकी हेल्पलाइनचा फोन नंबर होता. ते गाणं गाजलं तेव्हा त्या नंबरवरचे फोन वाढल्याचं संशोधकांनी पुढे 2021 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. तर्क असा, की वेदना सांगावी, पण वंशाची सांगू नये. ती ऐकणाऱ्याला कंटाळा आणते.

म्हणजे सल्ला काय झाला? सांगितलं तर रडतो. नाही सांगितलं तर लपवतो. नाचत सांगितलं तर, थांबा, आधी भांडण लागू द्या, मग बघू.

रॅपर एमिनेमची मात्र काळजी नको. तो पूर्ण गोरा. पूर्ण पाहुण्याला पाट मांडून देता येतो. त्याला ठाऊक असतं की जेवून उठायचंय, आणि आपल्यालाही. चोख गातो, मान देतो, झालं. घरात खरी पंचाईत सावत्र भावाची. तो पाहुणा नसतो, त्याला हिस्सा लागतो.

नियमच हवा असेल तर अमेरिकेत तो तयार मिळतो. व्हर्जिनिया राज्याने 1924 साली कायदा केला: गोऱ्या रक्तात दुसऱ्या वंशाचा मागमूस असेल तर माणूस गोरा नाही. एका थेंबाने बाटला. पण तिथल्या बड्या घराण्यांना आपण पोकाहॉन्टस या मूलनिवासी राजकन्येचे वंशज आहोत हे मिरवायची हौस होती. त्यांची अडचण झाली, म्हणून मूलनिवासी रक्त सोळाव्या हिश्शापर्यंत चालेल अशी फट ठेवली. शहाणे लोक सोवळं असंच पाळतात. त्याच कायद्यातली मिश्र विवाहांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये उडवली. 2000 पासून जनगणनेत एकाहून जास्त वंशांवर खूण करता येते. 2020 ला 3 कोटी 38 लाख लोकांनी केली. कामाला तोटा नाही म्हणतो तो यासाठी. तुम्ही फक्त थेंब उलटीकडून मोजायचा: दुधात मिठाचा खडा. आणि पोलिसांनी गाडी बाजूला घेतली की पुन्हा सुलटीकडून. तिथे कुणी अर्धा नसतो.

बायकांना वेगळी फूटपट्टी. पुरुष उजळ असला की संशय, बाई उजळ असली की व्हिडिओत पुढची रांग. सावळ्या रॅपर मुलींनी याबद्दल बोलून बोलून घसा कोरडा केला आहे. 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजवायला नको.

रॅपर निकी मिनाजवर मात्र जरा थांबू, कारण इथे आपलाही एक वाटा आहे. तिचं खरं नाव ओनिका तान्या मराज. मराज म्हणजे महाराजच. समुद्र ओलांडताना मधला 'हा' पडला. जन्म त्रिनिदादचा, बापाकडून भारतीय वंश, शिवाय आफ्रिकी वंश. त्रिनिदादला भारतातून मजूर घेऊन 'फातेल रझाक' हे पहिलं जहाज 30 मे 1845 ला लागलं. नंतर आलेली बरीच माणसं भोजपुरी पट्ट्यातली. बरोबर त्यांनी तुळस नेली, रामायण नेलं आणि एक शब्द नेला. भारतीय आणि आफ्रिकी यांचं मूल झालं की त्याला तिथे 'डग्ला' म्हणतात. आपला हिंदी सिनेमातला 'दोगला' तोच. पन्नासच्या दशकातला व्हिलन शत्रूला देतो ती शिवी तिथे वंशाचं नाव होऊन बसली. आज तिथली बरीच मंडळी तो शब्द ताठ मानेने लावतात. पण 1961 साली 'मायटी डग्ला' हेच नाव घेतलेल्या एका कॅलिप्सो (तिथलं लोकसंगीत) गायकाने तिथली स्पर्धा जिंकली ती एका प्रश्नावर: भारतीयांना भारतात आणि आफ्रिकींना आफ्रिकेत परत धाडायचं ठरलं, तर मला कुठे धाडणार? मधोमध चिरणार का? हिपहॉप जन्माला यायला अजून बारा वर्षं होती.

निकी गाजली तेव्हा आपल्याकडे 'अहो, ती तर अर्धी भारतीय' म्हणून किती छाती फुगली! असतील शितं तर जमतील भुतं. तिच्या आज्या-पणज्यांच्या वस्तीत अशा लेकराला काय नावाने हाक मारत होते, हे त्या अभिनंदनात कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. गाजलेल्याचं कूळ आपलं, गांजलेल्याचं त्याचं त्याला.

आणि हे काम अमेरिकेपुरतंच आहे असंही नाही. कोरियात युन मि-रे नावाची रॅपर आहे. आई कोरियन, बाप अमेरिकी सैन्यातला कृष्णवर्णीय. तिने 2007 मध्ये आपल्या लहानपणावर गाणं केलं. त्यात ती मुलगी दिवसातून कितीदा तरी पांढऱ्या साबणाने तोंड धूत बसते. साबण आणि डोळ्यांतलं पाणी एकत्र होतं. पुढे ती कोरियातल्या नामांकित रॅपरांत गणली गेली, पण तोवर साबणाच्या किती वड्या संपल्या याची नोंद समितीकडे नाही. आपल्याकडे साबणाऐवजी ट्यूब मिळायची, एवढाच फरक.

बाकी बारीकसारीक सूचना बऱ्याच आहेत, पण मला उठायला हवं. भाच्याचं नाव वधू-वर सूचक मंडळात घालायचंय. मुलगा पुरोगामी आहे, रॅप ऐकतो, सुपर बोलच्या वेळी पहाटे उठून बसला होता. फॉर्मवर 'आंतरजातीय चालेल' यावर त्याने स्वतःच्या हाताने खूण केली आहे. त्याखाली 'क्षमस्व' म्हणून एक रिकामी ओळ असते. ती त्याच्या आईने भरली. अक्षर बारीक काढूनही शेवटचे दोन शब्द समासात गेलेत.