पेप्टाइड घ्या, पण इन्सुलिन नको

हल्ली कुरिअरनं पेप्टाइडच्या कुप्या मागवून स्वतःच टोचून घ्यायचं खूळ आलंय. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, प्रथिनं ज्या मण्यांची बनतात त्यांची, छोटी माळ. तर अण्णांची शुगर चारशेला टेकली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं, तर चिठ्ठी घडी करून खिशात ठेवा. 'एकदा सुई लागली की सुटत नाही,' असं पारावर समदेच म्हणायलेत. पारावर बसणारं माणूस खोटं कशाला बोलेल? शिवाय इन्सुलिन फार जुनं. १९२२ साली टोरांटोत ते १४ वर्षांच्या एका मरणाच्या दारातल्या मुलाला टोचलं आणि तो पुढं १३ वर्षं जगला. शंभर वर्षांपूर्वीचं औषध आपल्यासारख्या पुढारलेल्या माणसानं घ्यावं का?

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइडच, हे अण्णांना सांगू नका. पेप्टाइड म्हटलं की ते कुरिअरनंच यायला पाहिजे. बीपीसी-१५७ मागवा, जखमा भरतात म्हणून जिममध्ये चालणारं पेप्टाइड. १५ अमिनो आम्लं, उंदरांच्या जखमांवर बरे निकाल, माणसांवरचे अभ्यास अगदी तुरळक. खेळाडूंना तर त्यावर २०२२ पासून बंदीच आहे. कुपीवर 'फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही' असं छापलेलं असतं, तिकडं बघू नका. जिममधला भाऊ सांगतोच, 'ते कायद्यापुरतं लिहावं लागतं.' भाऊचं शिक्षण विचारू नये, दंड बघावेत.

सेमाग्लुटाइड, म्हणजे मधुमेहावरचं आणि वजन उतरवायचं पेप्टाइड, मात्र टाळा. त्याच्या हजारो माणसांवर चाचण्या झाल्यात, वजन खरंच उतरतं, मळमळही होते, आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठी लागणारी वस्तू गावात मिरवता येत नाही.

बीपीसीच्या भुकटीत पाणी मिसळलं की कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या वर, दुपारी लाईट गुल, आणि कुरिअरवाल्याची बॅग गाडीच्या टाकीवर तापलेली. काळजी करू नका. जगात जर्मनी, भारतात परभणी. इथं टिकलं ते कुठंही टिकेल.

आणि 'हे नवं खूळ' म्हणणाऱ्यांना गोठ्यात न्या. ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. बाळंतिणीला रक्तस्राव थांबवायला लागतं ते, पण धारेआधी म्हशीच्या मानेत ते टोचणारे महाभाग आपल्याकडं आहेतच. गुन्हा आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं. डोस ठरवतो गडी. म्हशीनं कधी तक्रार केली?

सुईची भीती असेल तर कोलॅजेनची, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतल्या प्रथिनाची, पावडर घ्या. पोटात गेल्यावर तिची बारीक पेप्टाइडं आणि अमिनो आम्लंच होतात. तुरीच्या वरणाचंही तेच होतं म्हणा, पण वरणाच्या डब्यावर नटीचा फोटो नसतो.

टोचल्या जागी गळू धरलं, ताप भरला, तर दवाखाना गाठा. कुपी घरीच राहू द्या. डॉक्टरांनी 'काय टोचलं?' विचारलं, तर 'काही नाही, उन्हाचा तडाखा बसला' म्हणा. आपल्याकडं ते कुणालाही पटतं.