युरिया घातलेली भाजी ऑर्गॅनिक नव्हे

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतोय: युरिया हे ऑर्गॅनिक संयुग आहे, म्हणून युरियावर पिकलेली भाजीही ऑर्गॅनिकच. पहिला भाग खरा, निष्कर्ष चुकीचा.

रसायनशास्त्रात ऑर्गॅनिक म्हणजे कार्बनची संयुगं. त्या हिशेबानं युरिया ऑर्गॅनिक आहेच. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरनं तो प्रयोगशाळेत बनवला होता. पण याच हिशेबानं मॅलॅथिऑनसारखं कीटकनाशकही ऑर्गॅनिक ठरतं! ते फवारलेली मेथी कुणी सेंद्रिय म्हणेल का?

शेतीत प्रश्न असतो तो पीक कसं वाढवलं याचा. कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनवलेला युरिया सेंद्रिय शेतीत चालत नाही. गोमूत्रातही युरिया असतो, ते मात्र चालतं. दुसऱ्या टोकाला, 'ऑर्गॅनिक म्हणजे फवारणीच नाही' हेही बरोबर नाही. कडुनिंबाची औषधं चालतात. तेव्हा भाजी धुऊनच घ्या.

हा घोळ इंदुरात व्हावा याचं मला फार वाईट वाटतं. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची 'इंदूर पद्धत' इथेच विकसित केली, आणि १९३१ मध्ये ती पुस्तकरूपानं जगापुढे ठेवली. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवरच ते काम झालं.

पाकीटबंद माल घेताना सेंद्रिय मालासाठीचं 'जैविक भारत' हे सरकारी चिन्ह पाहा. सुटी भाजी घेताना शेतकऱ्याला सरळ विचारा, खत कोणतं घातलं.