सव्वादहा म्हणजेच आठ

परदेशात शाकाहारी माणसाचं कसं होणार, ही काळजी आम्ही निघण्याआधी सोसायटीतल्या प्रत्येकाने जिन्यात गाठून बोलून दाखवली. खाण्याचं काही अडत नाही हो. बटाटा कुठेही मिळतो, आणि सांगलीहून निघताना बॅगेत भडंगाचे पुडे भरले की उरलेली चिंताही मिटते. अडतं ते वेळेचं. माणूस एखाद्या दिवशी काय वाट्टेल ते खाईल, पण केव्हाही खाणार नाही. निदान आमचे हे तर नाहीच. त्यांचं पान रात्री आठला वाढलेलं असावं लागतं. सगळी नोकरी एस.टी.च्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. प्रत्यक्ष गाड्या किती वाजता सुटायच्या हे प्रवाशांना विचारा, पण वेळापत्रक यांना तोंडपाठ होतं, आणि निवृत्तीनंतर ते सगळंच्या सगळं माझ्या स्वयंपाकघराला लागू झालं. त्यात साखरेची गोळी. ती जेवणाआधी अर्धा तास, म्हणजे साडेसातला. एकदा गोळी घशाखाली गेली की मग कुकरची शिट्टी होवो न होवो, आठला ताट.

अशा माणसाला घेऊन मी जूनमध्ये माद्रिदला गेले.

लेक तिथे नोकरीला आहे, जावई तिथलेच. विहीणबाईंनी रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण दिलं, साडेनऊचं. आकडा ऐकल्यावर ह्यांनी मला खूण करून आतल्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, "सकाळचे?" लेक म्हणाली, "बाबा, साडेनऊचं बोलावणं आहे, म्हणजे आपण पावणेदहाला पोचू. वेळेवर गेलो तर त्यांची पंचाईत होते." उशिरा जाणं हीच जिथे रीत, तिथे आयुष्यभर उशिराच्या नोंदी केलेल्या माणसाने काय करावं? हे ऐकेनात. बरोबर साडेनऊला आम्ही दारात. विहीणबाईंनी दार उघडलं ते ओले केस टॉवेलने पुसत. व्याही दूध-पाव आणायला जातात तशा कपड्यांत. आणि समोरच्या गच्चीवर चक्क ऊन पडलेलं!

मी दिवेलागण झाली की देवापाशी दिवा, मग शुभंकरोति आणि मग पानं, अशा घरात वाढले. आता सूर्यच मावळत नाही म्हटल्यावर दिवा कधी लावायचा आणि पानं कधी घ्यायची? जूनअखेर माद्रिदला सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमाराला. खाली चौकात तीन-चार वर्षांची पोरं चेंडू खेळत होती आणि त्यांच्या आज्या बाकांवर गप्पा मारत होत्या. एकीनेही "चला आता घरी, रात्र झाली" म्हटलं नाही. म्हणणार तरी कोणत्या तोंडाने!

ह्यांनी गोळी हिशेबाने नऊला घेतली होती. दहा वाजले तरी टेबलावर नुसत्या काचेच्या वाट्या. एकीत ऑलिव्ह, दुसरीत बदाम, बाजूला पावाचे तुकडे. मी पर्समधल्या भडंगाचा पुडा हळूच ह्यांच्या खिशात सरकवला. ते बाथरूममध्ये जाऊन खाऊन आले. मिशीला चिकटलेली कढीपत्त्याची काडी मीच झटकली.

मग जावयांनी कागद घेऊन आम्हाला हा उशीर समजावून सांगितला. स्पेनचा बराचसा मुलूख ग्रीनिचच्या पश्चिमेला, म्हणजे सूर्य लंडनच्या हिशेबाचा. पण 1940 साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत देशभरची घड्याळं एक तास पुढे केली, बर्लिनच्या जोडीला नेऊन बसवली, आणि ती पुन्हा मागे घ्यायची राहूनच गेली. उन्हाळ्यात सगळ्या युरोपाबरोबर आणखी एक तास पुढे. एवढं ऐकल्यावर ह्यांच्यातला वाहतूक नियंत्रक जागा झाला. त्यांनी जावयांच्या हातून पेन्सिल घेतली, माद्रिदचे रेखांश विचारले, उभी-आडवी वजाबाकी मांडली आणि जाहीर केलं, "सव्वादोन तासांचा फरक आहे. म्हणजे घड्याळात सव्वादहा वाजतात तेव्हा सूर्याचे आठच वाजलेले असतात. हे लोक वेळेवरच जेवतात!"

त्या क्षणापासून माद्रिदमधली त्यांची सगळी जेवणं आठला झाली.

पण गणिताचा नाद वाईट. परतताना त्यांनी सांगलीचाही हिशेब केला. भारताचं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर. सांगली त्याच्या पुष्कळ पश्चिमेला, आपला सूर्य अर्धा तास मागे. म्हणजे आपण आजवर रात्री साडेसातलाच जेवत आलो, या शोधाने ते विमानात बराच वेळ अस्वस्थ होते. 1906 साली हे घड्याळ लागू झाल्यानंतरही मुंबईकरांनी हट्टाने 39 मिनिटं मागे असलेला आपला 'मुंबई टाईम' 1955 पर्यंत धरून ठेवला, हे मी कुठेतरी वाचलेलं त्यांना सांगितलं. तेव्हापासून मुंबईबद्दलचा त्यांचा आदर वाढला आहे. त्याआधी तो फारसा नव्हता.

नुसत्या घड्याळावर सगळं ढकलता येत नाही, हेही खरं. स्पेनचं मुख्य जेवण दुपारचं, तेही दोन-तीनला, सूप-भाजीपासून फळापर्यंत साग्रसंगीत. पाच-सहाला मधलं खाणं. कचेऱ्या सुटायला सात-आठ वाजणार. असा दिवस असेल तर रात्री आठला भूक लागणारा माणूस आजारी म्हणायचा. विहीणबाईंनी ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली ती त्याच काळजीने.

जेवण मात्र सुरेख होतं. आधी गास्पाचो. टोमॅटो, काकडी, लसूण, पाव आणि ऑलिव्हचं तेल एकत्र वाटून गारेगार केलेलं. ह्यांनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सार गरम करायचं विसरल्या वाटतं, सांगू का?" मी टेबलाखालून पाय दाबला. मग बटाटा नि अंड्याची जाडजूड तोर्तिया, सुरीने केकसारखी कापलेली. अंडं आम्हाला चालतं. शेवटी खरबूज. साडेअकराला जेवण संपलं. मी उठून ताटल्या गोळा करायला लागले तर लेकीने हात धरून खाली बसवलं.

खरी परीक्षा तिथे सुरू झाली. त्यांच्यात जेवण झाल्यावर उठत नाहीत. तिथेच, त्याच खुर्च्यांवर, समोर पावाचा चुरा आणि खरबुजाच्या साली, आणि गप्पा. याला त्यांच्यात सोब्रेमेसा म्हणतात आणि तो जेवणाचाच भाग धरतात. बारा वाजले, साडेबारा वाजले. राजकारण झालं, फुटबॉल झाला, एका मावशीच्या जमिनीचा वाद झाला. तो मला भाषा न येताही हावभावांवरून पूर्ण कळला. घरी येताना ह्यांनी सिद्धांत मांडला. "आपण हाताने जेवतो. जेवण झालं की हात वाळायला लागतो, आमटी बोटांवर ओढ धरते, माणूस उठतोच. आई म्हणायचीच ना, हात वाळवत काय बसलात? यांच्या हातात काटा. तो ठेवला की हात कोरडा. उठायला कारणच उरत नाही!" मला हे पटलं. आपल्या पंगती ज्या शिस्तीने उठतात त्यामागे संस्कार-बिंस्कार नसून वाळलेलं वरण आहे.

पुढचा मुक्काम स्टुटगार्टला भाच्याकडे. त्याच्या शेजारच्या जर्मन आजी-आजोबांनी जेवायला बोलावलं, संध्याकाळी सहाला. हे बोलावणं ऐकूनच ह्यांचा चेहरा फुलला. लवकर का असेना, पण नेम आहे लोकांना! सहाच्या ठोक्याला घंटी वाजवली, सहाच्याच ठोक्याला दार उघडलं. टेबलावर प्रत्येकापुढे ताटलीऐवजी लाकडी फळी. मध्ये चार तऱ्हांचा काळपट, जड पाव, लोणी, चीजचे काप, मुळा, टोमॅटो, व्हिनेगरमधल्या काकड्या. त्यांच्यासाठी सॉसेजचे काप वेगळे. सगळं गार. हे आबेंडब्रोट. दुपारी गरम जेवलेलं असतं, तेव्हा रात्री चूल नाही. पावाचं त्यांना कोण कौतुक! तीन हजारांवर प्रकार नोंदवलेत, आणि 2014 साली देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिथल्या पाव-संस्कृतीला मानाने बसवलंय. आजोबांनी प्रत्येक पावाचं कूळ सांगितलं.

ह्यांनी अर्धीच चकती घेतली. मला मराठीत म्हणाले, "पोट राखून ठेव, गरम मागून येईल." आजींनी चीजची थाळी पुढे केली, हे रीतीप्रमाणे म्हणाले, "नको नको." आपल्याकडे पहिलं 'नको' हे बोलणं सुरू करण्यापुरतं असतं, तिसऱ्याच्या पुढे ते खरं धरायचं. आजींनी पहिलंच खरं धरलं. थाळी गेली ती गेलीच. पावणेसातला फळ्या पुसून कपाटात, टेबल लख्ख, आणि बाहेर सूर्य अजून अडीच तास हलणार नव्हता. आठ वाजता, घड्याळाच्या अगदी खऱ्या आठला, ह्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. भाच्याच्या घरी मी मेतकूट-भात टाकला.

तरी जर्मनांनी बोलावलं तरी. स्वीडनबद्दल 2022 मध्ये इंटरनेटवर केवढा गदारोळ झाला होता! शेजारचं पोर खेळायला आलेलं असलं आणि जेवायची वेळ झाली, तर ते आतल्या खोलीत थांबतं, घरचे जेवून येतात, खेळ पुढे सुरू. त्यांचं म्हणणं असं की त्या पोराच्या घरी रांधलेलं असेल, आपण मध्ये का पडा. सांगलीत असं कोणी केलं तर त्या घरात पुढे हळदीकुंकवाला कोणी जाणार नाही. उलट इथिओपियात आपल्या हाताने दुसऱ्याच्या तोंडात घास घालायचा, आणि नाही म्हणणं अपमान. आपल्याकडे ते लग्नातल्या घासापुरतं. तोही नाव घेतल्याशिवाय मिळत नाही.

एवढं जग हिंडून आल्यावर आमचा जिना मला निराळाच दिसायला लागला. पहिल्या मजल्यावरच्या जैन काकूंचा चौविहार, म्हणजे सूर्य मावळला की अन्नपाणी बंद. डिसेंबरात सहाच्या आत त्यांचं जेवण, पाणी, सगळं आटोपलेलं. सातला गेलं तर गप्पा मारतील, पण तोंडात कणही घालणार नाहीत. दुसऱ्यावर आम्ही, आठ. तिसऱ्यावर कंपनीतली पोरं, अकराला त्यांच्याकडे बिर्याणीचा डबा घेऊन मुलगा येतो आणि चुकून आमची बेल वाजवतो.

त्याच डिसेंबरात व्याही-विहीण सांगलीला आले. हे म्हणाले, "आपलं वेळापत्रक आपल्या मुलखात." आठला पानं वाढली: वरण-भात, तूप, लिंबाची फोड, भरली वांगी, ज्वारीची भाकरी. विहीणबाईंनी चमचा बाजूला सारला आणि हाताने जेवायचं ठरवलं. कौतुकाने शिकल्या, भात कोपरापर्यंत गेला, पण जेवल्या पोटभर. नऊला संपलं. हे माझ्याकडे बघून हसले, आता हात वाळणार.

हात वाळला. विहीणबाई उठल्या नाहीत. वाळलेल्या वरणाच्या बोटांनी त्या हातवारे करत राहिल्या, भाताची शितं टेबलक्लॉथवर उडत राहिली, लेक दोन्ही बाजूंचं भाषांतर करून दमली. मावशीच्या जमिनीचा निकाल लागला होता आणि तो साद्यंत सांगणं भाग होतं. सिद्धांत कोसळलेला पाहून हे मुकाट्याने बसून राहिले, उजवा हात ताटावर तसाच अधांतरी धरून. साडेबाराला सगळे झोपायला गेले आणि ताटं तशीच मोरीत पडली.

सकाळी भांड्याला आलेल्या मावशींनी नखाने भात खरवडून बघितला आणि मला हाक मारली, "वैनी, ताटात पानी तरी वतायचं. जेवान पहाटंपातूर चाललं व्हतं का काय?"