क्राकोव्हचा चौक, शिशाचा रवा आणि आपली ब्रह्मपुरी

लेकीकडं पोलंडला गेलो होतो. क्राकोव्हच्या मुख्य चौकाच्या पोटात, साधारण चार मीटर खाली, त्या शहराचं म्युझियम आहे. 'बाबा, तिथं होलोग्राम आहेत,' असं ती म्हणाली आणि माझं तोंड वाकडं झालं. लाइट अँड साउंड शो बघून आमची पिढी पोळलेली आहे.

दारातच धुक्याचा पडदा, त्यावर जुना बाजार हलताना दिसतो. त्यातून आरपार चालत जायचं. भारी वाटतं, खोटं कशाला बोला. पुढं टचस्क्रीन, आवाज, आपलं वजन मध्ययुगीन मापात सांगणारा काटा. नातू त्या काट्यावरून उतरेना.

मला मात्र अडवलं शिशाच्या एका ढेपेनं. चौदाव्या शतकातली, वजन 693 किलो. तिथले लोक तिला पाव म्हणतात, पण कोल्हापूरकराला तो गुळाचा रवाच दिसणार! तोही आपल्या तीस किलोच्या रव्याच्या तेवीसपट. शिसं, तांबं असला जड माल जिथं तोलायचे, त्या जुन्या वजनघराच्या जागेत ती सापडली. म्हणजे काटा आला, हमाल आले, वजनावरून हुज्जत आली. आपलं मार्केट यार्डच की! हे कळायला मला होलोग्राम लागला नाही.

तरी तो खेळ तिथं खपतो, कारण पायाखालचा दगडी रस्ता खरा आहे. 2005 मध्ये खोदकाम सुरू झालं, जुनं शहर हाती लागलं, तर ते बुजवून वर फरशी घातली नाही. 2010 मध्ये तिथंच म्युझियम उघडलं. अकराव्या शतकातल्या दफनभूमीत हातपाय आखडून पुरलेले सांगाडेही आहेत, मेलेला परत उठून येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त. नातवानं ते दोनदा बघितले. मी एकदाच.

आणि आपण? 1945-46 मध्ये पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी खोदलं, सातवाहनकाळातली वस्ती सापडली. त्याच टेकडीतून निघालेला पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव, छोटासा, ब्राँझचा, आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये उभा आहे. समुद्र कुठं आणि कोल्हापूर कुठं! यावर धुक्याचा एक पडदा मीसुद्धा मंजूर करीन. पण आधी टेकडीवर उभं राहून 'इथं, याच जागी' असं पोराला दाखवता आलं पाहिजे. वीतभर मूर्ती दाखवायला तीन मजली एलईडी भिंत लावाल, तर पोरं भिंतीपुढं सेल्फी काढून घरी जातील.

नातू मे महिन्यात येतोय. पोसायडनच्या हातात त्रिशूळ आहे का, हे त्यानं आत्ताच फोनवर विचारलंय. मी तीसेक वर्षांपूर्वी बघितला होता, आठवेना. उद्या सकाळी जाऊन बघून येतो.