‘माणूस बसलाय ना लक्ष ठेवायला’, हा भरवसा कुठे फसतो

“यंत्राला चालवू द्या, शेजारी एक माणूस बसवा; चुकलंच तर तो सावरेल.” स्वयंचलित गाड्यांचा विषय निघाला की हा दावा हमखास पुढे येतो. त्यातले तीनही आधार कच्चे आहेत.

‘माणूस सतत लक्ष ठेवेल.’ नाही ठेवू शकत. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये हे दाखवून दिलं. त्यांच्या प्रयोगात तबकडीवरचा काटा क्वचित दुप्पट उडी घेई, बघणाऱ्याला तेवढीच टिपायची होती. अर्ध्या तासातच उड्या नजरेतून सुटायचं प्रमाण वाढलं. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

‘वेळेवर ताबा घेईल.’ 18 मार्च 2018, अमेरिकेच्या ॲरिझोनातलं टेम्पी शहर. रस्ता ओलांडणारी बाई उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीला धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती. यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल समजत राहिली आणि समज बदलला की तिच्या आधीच्या हालचालीचा हिशेब सोडून देत राहिली. इशारा वाजला जेमतेम 0.2 सेकंद आधी. गाडीतल्या चालक महिलेची नजर फोनवर होती, हा तिचा दोषच. पण आधी अशा गाडीत दोघं असायची, नंतर एकच ठेवली, हा निर्णय तिचा नव्हता.

‘अलार्म वाजला की कळतंच.’ सर्वांत घातक समज हा. 1 जून 2009, रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्स 447. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फाचे कण अडकले, मापं जुळेनात, ऑटोपायलट सुटला. वैमानिकाने नाक वर ओढलं आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली. आता बारकावा बघा. मोजलेला वेग 60 नॉटच्या (ताशी सुमारे 110 किलोमीटरच्या) खाली गेला की यंत्रणा ते माप बाद धरायची आणि स्टॉलचा इशाराच बंद पडायचा. नाक खाली केलं, म्हणजे नेमकं हवं ते केलं, की माप परत येऊन इशारा पुन्हा सुरू! बरोबर हालचालीला ओरडा, चुकीला शांतता. ऑटोपायलट सुटल्यापासून 4 मिनिटं 23 सेकंदांत विमान समुद्रात गेलं. 228 जण गेले.

‘मग यंत्रं नकोतच का?’ हवीत. पण इशारा का थांबला ते पडद्यावर दिसायला हवं, आणि ताबा घ्यायचा सराव खऱ्या परिस्थितीत हवा. वेगाचं माप बेभरवशाचं झालं तर 10,000 फुटांच्या वर नाक 5 अंशांवर, इंजिनाचा दांडा ‘क्लाइंब’च्या, म्हणजे चढाईच्या, खाचेत, हे एअरबसच्या वैमानिकांना तोंडपाठ असतं. 447 च्या वैमानिकांकडून तेवढ्या उंचीवर, हाताने, ते कधी करूनच घेतलं नव्हतं.